नागली चौथी कशी?

आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममधील संभाषणाचे विषय गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. पूर्वी तेथे वेतन आयोग, विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम आणि परस्परांचे शोधनिबंध यांवर बोलले जाई. आता वजनावर बोलले जाते. टेबलावर 'डाएट' चिवडा असतो, 'मल्टिग्रेन' बिस्किटे असतात, साखरविरहित म्हणवणारा एखादा लाडूही असतो. चाळिशी ओलांडलेल्या आमच्या पिढीच्या हाती रक्तशर्करेचे अहवाल येऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग हे पुडे आले. आम्ही दोघेही या टेबलाचे वाटेकरी आहोत. आमच्यापैकी एकाला डॉक्टरांनी आठ किलो वजन उतरवण्यास बजावले आणि दुसऱ्याने सोबत म्हणून तेच व्रत घेतले. सहा महिने आम्ही शिक्के पाहून अन्न खाल्ले. एकाचे वजन होते तेथेच राहिले, दुसऱ्याचे दीड किलोने वाढले. तेव्हा पुढील वाद आम्ही तटस्थ निरीक्षक म्हणून घालत नसून फसलेले गिऱ्हाईक म्हणून घालत आहोत, हे आधीच कबूल केलेले बरे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वजन उतरवायचे असेल तर 'डाएट'चा शिक्का मारलेल्या अन्नाच्या नादी न लागता भाकरी, डाळ, भाजी, ताक असे साधे, अखंड अन्न खावे आणि तेही भुकेच्या मापाने खावे. हे सांगायला मराठीच्या प्राध्यापकांची काय गरज, असे कोणी विचारील. गरज अशी की हा सारा व्यवहार मुळात शब्दांचा आहे. आणि शब्दांनी केलेली फसवणूक ओळखणे हे आमचे कामच आहे.

ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती सूर्यमाळला. राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर तेथे होते. मोखाडा तालुक्यातील हे पठार पावसाळ्यात पर्यटकांना ठाऊक असते. हिवाळ्यात तेथे वेगळे दृश्य दिसते. नागली आणि वरई निघालेली असते, उतारावरची वरकस जमीन उघडी पडलेली असते आणि पाड्यांवरच्या अनेक घरांना कुलपे असतात. दिवाळीनंतर माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला गेलेली असतात. मागे म्हातारी माणसे उरतात. (आपण शहरात जिला नाचणी म्हणतो तिला जव्हार-मोखाड्यात नागली म्हणतात.)

तिसऱ्या दिवशी श्रमदानानंतर आम्ही थैलीतून 'नाचणी कुकीज'चा पुडा काढला आणि मुलांपुढे धरला. तृतीय वर्ष कला वर्गातील, त्याच परिसरातल्या पाड्यावरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने बिस्किट घेण्याआधी पुडा उलटा केला, मागचा बारीक मजकूर वाचला आणि शांतपणे विचारले, "सर, यात नागली चौथी कशी?"

मागे घटकांची यादी होती: मैदा, साखर, पामतेल आणि मग नाचणी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, असा नियम आहे. म्हणजे नाचणीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या त्या वस्तूत मैदा, साखर व तेल हे तिन्ही पदार्थ नाचणीहून अधिक होते. पुढच्या बाजूला मात्र नाचणीचे डोलणारे कणीस, हिरवे पान आणि टेपने मोजलेली एक सडपातळ कंबर! ती विद्यार्थिनी लहानपणापासून जी नागली खात आली, तिच्या चित्राखाली आम्ही तिला मैदा खायला देत होतो. आम्ही उत्तर दिले नाही. ते आमच्याजवळ नव्हते.

शब्दशक्तींचे पाठ वर्गात आम्ही दरवर्षी देतो. त्याच परिभाषेत बोलायचे तर पुड्याची पुढची बाजू व्यंजनेची आणि मागची अभिधेची. पुढे 'लाइट', 'फिट', 'डाएट', 'पारंपरिक', 'आजीच्या हातचे' असे शब्द सूचन करतात. ते काहीच विधान करीत नाहीत, म्हणून खोटेही ठरत नाहीत. मागे आकडे असतात आणि त्यांना कायदा लागू असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018च्या दाव्यांविषयीच्या नियमांप्रमाणे घन पदार्थाला 'कमी मेदाचा' म्हणवून घ्यायचे तर शंभर ग्रॅममध्ये तीन ग्रॅमपेक्षा अधिक मेद चालत नाही. 'साखरविरहित' म्हणवायचे तर अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक साखर चालत नाही. नियम चांगला आहे. पण साखरविरहित म्हणजे मेदविरहित नव्हे आणि मेद कमी म्हणजे साखर कमी नव्हे, हे पुढची बाजू सांगत नाही. एक गुण मोठ्या अक्षरांत सांगायचा आणि त्याच्या आड दुसरा दोष उभा करायचा, ही त्या रचनेची युक्ती. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेतही अशा दाव्यांना न भुलता वेष्टन नीट वाचण्याचा सल्ला आहे.

ही युक्ती परदेशातून आली, असे म्हणून आपली सुटका करून घेण्यात अर्थ नाही. 'डाएट'च्या शिक्क्याचा मराठी पूर्वज आपल्या घरातच आहे. त्याचे नाव 'उपवासाचे'. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण काही कोणा जाहिरातदाराने रचलेली नाही. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याचे पांढरे मोती म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. पण त्यावर 'उपवासाचे' हा शब्द पडला की तूप, दाण्याचे कूट आणि बटाटा यांसह तो पवित्र होतो आणि खाणाऱ्याला मापाचे भान उरत नाही. शिक्क्याचे खरे काम हेच. तो अन्न बदलत नाही, खाणाऱ्याचा संकोच काढून घेतो. साधा चिवडा आम्ही मूठभर खात होतो. 'डाएट' चिवडा वाटीभर खाऊ लागलो. आमचे दीड किलो या वाटीतून आले.

आता शास्त्राची बाजू. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे मोलाचा आहे. वीस प्रौढ माणसांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, अल्पप्रक्रिया अन्न देण्यात आले. दोन्ही ताटांत वाढलेली उष्मांकसंख्या, साखर, मेद, तंतू आणि मीठ सारखे ठेवले होते. किती खायचे ते खाणाऱ्यावर सोडले होते. पहिल्या प्रकारच्या अन्नावर माणसांनी रोज सुमारे 500 उष्मांक अधिक खाल्ले आणि त्यांचे वजन सरासरी 0.9 किलोने वाढले. दुसऱ्यावर ते जवळजवळ तितकेच उतरले. प्रयोग लहान होता, अल्पकाळाचा होता, हे खरे. पण त्यातला धडा साधा आहे: ताटातले आकडे सारखे असले तरी मऊ, कोरडे, पटकन गिळले जाणारे अन्न पोट 'पुरे' म्हणण्याआधीच आत गेलेले असते. मे 2023मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरू नये, अशी शिफारस केली. (आधीपासून मधुमेह असलेल्यांचा विचार त्या शिफारशीत नव्हता, तेव्हा अशा वाचकांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.)

प्रतिपक्षाचे तीन आक्षेप आम्ही स्टाफरूममध्ये पुष्कळदा ऐकले आहेत. पहिला, पुड्यावर आकडा असतो, भाकरीवर नसतो. मग मोजणार कसे? आक्षेप प्रामाणिक आहे. पण पुड्यावरचा आकडा बहुधा शंभर ग्रॅमचा किंवा कंपनीने ठरवलेल्या दोन बिस्किटांच्या 'एका वाढणी'चा असतो. आपण खातो सहा. भाकरीला आकडा नसला तरी माप आहे: एक, दीड, दोन. दुसरा आक्षेप वेळेचा. सकाळी साडेसहाची एसटी पकडणाऱ्या प्राध्यापिकेने भाकऱ्या कधी थापाव्यात? हा आक्षेप आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो, कारण 'साधे घरचे अन्न' या घोषणेमागे बहुतेक घरांत एका बाईचे कष्ट गृहीत धरलेले असतात. याचे उत्तर पुडा नव्हे. पुरुषांनी पीठ मळायला शिकणे हे त्याचे उत्तर आहे. आमच्यापैकी एकाने ते शिकून घेतले. नागलीची भाकरी पहिल्या महिन्यात तव्यावर तुटते, दुसऱ्या महिन्यात तुटत नाही.

तिसरा आक्षेप असा की अखंड अन्नानेही वजन वाढते. अगदी खरे. येथे आम्हांला आमच्याच बाजूच्या अतिउत्साही मंडळींनाही चार शब्द सुनवायचे आहेत. नागलीत जादू नाही. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे 320 उष्मांक असतात, तांदळात सुमारे 355. फरक फार मोठा नाही. खरा फरक तंतूंत आहे: नागलीत सुमारे अकरा ग्रॅम, सडलेल्या तांदळात तीन ग्रॅमच्या आत. नागलीचा दाणा इतका बारीक आणि त्याचे टरफल इतके चिकटलेले की ती बहुधा सालासकटच दळली जाते. शिवाय भाकरीत पाणी असते, बिस्किटात ते जवळजवळ नसते. म्हणून तेवढ्याच वजनाच्या बिस्किटात उष्मांक कितीतरी अधिक भरतात. नागली पोटात रेंगाळते आणि भूक लांबवते, एवढेच तिचे श्रेय. चार भाकऱ्या लोण्यासह खाल्ल्या तर नागलीही कंबर वाढवील. 2018च्या सुमारास महाराष्ट्रात दोनदा जेवावे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि थोडे थोडे अनेकदा खावे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या अनुयायांत केवढी वादावादी झाली! त्या गोंगाटात एक गोष्ट कोणी लक्षात घेतली नाही: जेवणाच्या वेळांवर भांडणाऱ्या या दोघांपैकी कोणीही वजनासाठी पुडा विकत घ्या, असे सांगत नव्हते.

आणि याच अतिउत्साही मंडळींचे एक वाक्य आम्हांला सर्वाधिक खुपते: "आदिवासी पाहा, नाचणी खातात म्हणून कसे सडसडीत असतात!" हे वाक्य मुंबई-नाशिकहून सूर्यमाळला येणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे, ते काही पुड्यांच्या जाहिरातींतही सूचकपणे असते. 1992-93 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि महाराष्ट्राला खडबडून जाग आली, असे म्हणतात. 2014 साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. 2016 साली मोखाड्यातील बालमृत्यू पुन्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. पावसाळ्यात कणगी रिकामी असते, हिवाळ्यात घर भट्टीवर असते. त्या अंगकाठीचे कारण नागलीचा गुण नसून नागलीचा तुटवडा आहे. उपाशी माणसाच्या बरगड्यांना 'फिटनेस' म्हणणे, हे आम्हांला भाषेतले सर्वांत मोठे पाप वाटते. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 24 टक्के स्त्रिया अतिवजनाच्या आढळल्या आणि त्याच पाहणीत पाच वर्षांखालील 35.5 टक्के बालकांची वाढ खुंटलेली आढळली. एकाच देशाच्या या दोन आकड्यांमधून नागलीचा दाणा प्रवास करतो आहे.

त्या प्रवासात त्याची नावे कशी बदलली तेही पाहण्यासारखे आहे. कृषिखात्याच्या भाषेत ते फार काळ 'भरड धान्य' होते आणि संस्कृतप्रचुर लेखनात 'कदन्न', म्हणजे अक्षरशः वाईट अन्न. 2018 साली केंद्र सरकारने त्याला पौष्टिक धान्य म्हणून जाहीर केले. 2023 हे संयुक्त राष्ट्रसंघाचे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ते 'श्रीअन्न' झाले. कदन्नापासून श्रीअन्नापर्यंत ही बढती विलक्षणच. पण 2024-25 साली नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4,290 रुपये होता, म्हणजे किलोला सुमारे 43 रुपये. ज्या पुड्यात नागली चौथी आहे तो आम्ही किलोमागे याच्या दहापटीने घेतला होता. श्री नेमकी कोणाच्या घरी गेली, हे सांगणे न लगे. राब भाजून रोप करणारी, भर पावसात उतारावर आवणी करणारी बाई मात्र अजून कदन्नातच आहे. आणि तिची लेक कॉलेजात डबा उघडताना काळी भाकरी झाकणाआड धरते.

पुडा की पातेले, हा प्रश्न म्हणूनच केवळ आमच्या कंबरेचा नाही. अंगणवाडीतही तो आहेच. तेथील पोषण आहारातून कंत्राटदारांना दूर ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सांगितले. 2015 साली महाराष्ट्राने अमृत आहार योजना सुरू केली आणि आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम, चौरस जेवण देण्याचे ठरवले. अंमलबजावणीविषयी पुष्कळ बोलता येईल. पण तत्त्व योग्य होते. ज्यांना वजन वाढवायचे आहे त्यांनाही शिजलेले, साधे अन्न हवे. ज्यांना उतरवायचे आहे त्यांनाही तेच हवे, फक्त कमी. हे इतके साधे आहे की त्यावर कोणाला नफा मिळत नाही, आणि म्हणूनच ते कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही.

गेल्या आठ महिन्यांत आमच्यापैकी ज्याला वजन उतरवायचे होते त्याचे चार किलो उतरले. आठ सांगितले होते. अजून चार बाकी आहेत. यात नागलीचे कौतुक नाही. दुपारी एक भाकरी, उसळ, पालेभाजी, आणि चार वाजता टेबलाकडे न जाणे, एवढाच कार्यक्रम आहे. भाकरीचे धान्य आता आम्ही खोडाळ्याच्या बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्यांकडून, घासाघीस न करता, हमीभावाहून अधिक देऊन घेतो. स्टाफरूममध्ये पुडे अजून येतात. आम्ही ते उलटे करून ठेवतो. मागचा मजकूर वाचायला कोणालाही चष्म्याशिवाय दुसरे काही लागत नाही, आणि एकदा वाचल्यावर त्या मुलीने विचारलेला प्रश्न ज्याचा त्याला आपोआप पडतो.