'अब्बा' ऑक्सफर्डमध्ये आहेत, मराठीच्या वहीत का नकोत?

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. मराठी माध्यमात दहावीला आहे. "मामू, निबंधात 'अब्बा' लिहिलं तर मार्क कापतील का?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. सातवीत माझ्याही निबंधात 'अब्बा'वर लाल रेघ आली होती आणि वर 'बाबा' लिहिलं होतं. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना मराठी शुद्ध हवी होती. पण त्यानंतर मला दोन वडील झाले, एक घरातले अब्बा आणि एक वहीतले बाबा.

सप्टेंबर २०१७ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने भारतीय इंग्रजीतले सुमारे ७० शब्द घेतले. अण्णा, बापू, अच्छा, दादागिरी, वडा आणि त्यांच्यासोबत आमचे 'अब्बा'. बातमी वाचून मला खूप आनंद झाला होता. वाटलं, बाईंना दाखवावी.

आज तो आनंद मला थोडा चुकीचा वाटतो. शब्दकोशात शब्द जाणं म्हणजे त्याचा सत्कार नव्हे. ही डिक्शनरी कशी तयार झाली ते पाहा. १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी लोकांना आवाहन केलं, पुस्तकं वाचा आणि शब्द जिथे वापरलेला दिसेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवा. चिठ्ठ्यांचे ढीग जमले. १९२८ मध्ये पहिली आवृत्ती पूर्ण झाली, तेव्हा तिच्यात चार लाखांहून अधिक शब्द होते आणि त्यांच्या आधाराला अठरा लाखांहून अधिक अवतरणं. आजही नियम तोच आहे. शब्द चांगला की वाईट, शुद्ध की अशुद्ध, हे तिथे कुणी विचारत नाही. तो कुणी वापरला, कुठे वापरला, किती काळ वापरला, याचा पुरावा मागतात.

म्हणजे 'अब्बा' तिथे गेले ते कुणाच्या मेहेरबानीने नाही. कुणीतरी इंग्रजीत लिहिताना आपल्या वडिलांना 'फादर' केलं नाही, अब्बाच ठेवलं. एकाने नाही, अनेकांनी. म्हणून गेले.

इथे एक गोष्ट आपल्याला टोचायला हवी. पुरावा लिहिणाऱ्याचा धरला जातो. आपण लिहिलं नाही, तर आपल्या शब्दांचा अर्थ दुसऱ्यांच्या वाक्यांवरून ठरतो. मोहल्ला, मदरसा, बुरखा, तलाक हे शब्द मराठी वाचकाला बहुतेक वेळा कुठे भेटतात? गुन्ह्याच्या बातमीत, नाहीतर वादाच्या चर्चेत. त्याच मोहल्ल्यात सकाळी नळावर होणारी भांडणं, फुफीच्या हातचा शीरखुर्मा, सीईटीच्या निकालाची धाकधूक हे मराठीत किती येतं? जे येत नाही, त्याची चिठ्ठी कुणाच्याच हाती लागत नाही.

"पण मराठी ही आपली भाषा थोडीच?" असं आपल्यातलेच काही म्हणतात. आणि बाहेरचे कौतुकाने विचारतात, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" दोघांनाही मराठीचे जुने कोश उघडून दाखवावेसे वाटतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्यात शब्दापुढे तो अरबीतून आला की फारसीतून, याच्या खुणा आहेत. खूण केली, पण शब्द बाहेर नाही काढला. माधव ज्यूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश केला. वकील, अर्ज, तारीख, जमीन, फक्त हे शब्द काढून कुणी एक दिवस मराठी बोलून दाखवावं. 'पेशवा' हा शब्दसुद्धा फारसीच आहे.

शुद्धीकरणाचे प्रयत्नही झाले, आणि त्यांतून दिनांक, महापौर असे चांगले शब्द मराठीला मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही. पण 'दिनांक' आला म्हणून कोर्टातली 'तारीख' गेली नाही. भाषेत दोघांना जागा असते. 'बाबा' राहोत, 'वडील' राहोत, 'अब्बा'ही राहोत.

प्रमाण मराठी शिकू नका असं मी म्हणत नाही. ती नीट यायलाच हवी. परीक्षेत, नोकरीत, सरकारी अर्जात तीच लागते आणि ती कच्ची राहिली तर नुकसान आपलंच. पण चांगलं मराठी म्हणजे घरातली माणसं दाराबाहेर ठेवून लिहिलेलं मराठी, हा समज सोडा. व्याकरण पक्कं ठेवा आणि खाला, दादी, दस्तरखान, इफ्तारी हे शब्द बिनधास्त वापरा. प्रत्येक वेळी कंसात अर्थ देत बसू नका. वाचक वाक्यावरून समजून घेतो. इंग्रजी कादंबऱ्यांतले कितीतरी शब्द आपण तसेच समजून घेतले.

भाचीला मी रात्री फोन केला. म्हटलं, "लिही. पण बाकी शुद्धलेखनाची एकही चूक ठेवू नकोस. मग 'अब्बा'साठी मार्क कापले, तर कोश घेऊन मी स्वतः शाळेत येतो."

ती म्हणाली, "मामू, तुम्ही येऊ नका. मीच बोलेन बाईंशी."