कूलर लावताय? आधी अर्थिंग बघा

मार्च संपत आला की विदर्भात घरोघरी कूलर बाहेर निघतात. धूळ झटकली, नवं गवत लावलं, पाणी भरलं की झालं काम! पण वाचकहो, एवढ्यावर भागत नाही, असं मला वाटतं.

कूलर म्हणजे पत्र्याचा डबा. आत पाणीही आहे आणि वीजही. पंपाची वायर कुठे सोलली असेल तर पत्र्यात करंट उतरतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. तरीही आपण प्लग न लावता दोन वायरी सॉकेटमध्ये खुपसून मोकळे होतो! गवताला पैसे निघतात, मग इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायला का निघू नयेत? जमल्यास 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घ्या. आणि पाणी भरण्याआधी प्लग काढायची सवय तर फुकटच आहे.

दुसरं म्हणजे टाकी. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करा. नुसतं पाणी ओतून देऊ नका. अंडी कडेला चिकटून राहतात, त्यामुळे टाकी घासायलाच हवी.

थंड हवा सगळ्यांनाच हवी. पण सुट्टीत दिवसभर कूलरपुढे खेळणारी लेकरं आपलीच असतात, एवढं लक्षात ठेवा.