बाकावरची आजी

मे महिन्यातला कुठलाही रविवार घ्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच रेवसला लागते आणि तिच्यातून तीन-तीन पिढ्या उतरतात. आधी मुलगा उतरतो, खांद्यावर पोर. मग जावई, हातात मोबाइल. मग आजोबा, त्यांना दोन्ही बाजूंनी हात दिला जातो. मग लेकी-सुना. सगळ्यात शेवटी आजी उतरते. एका हातात डब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात सगळ्यात धाकटे नातवंड. निऱ्या कोणत्या हाताने धरायच्या, हा प्रश्न तिचा तिने सोडवायचा असतो.

त्याच सकाळी आमच्याकडच्या बोडणी, सासवणे, मांडवा या गावांतून भाड्याच्या गाड्या उलट दिशेला निघालेल्या असतात, मुलांना ‘पार्क’ दाखवायला. त्याही गाडीत शेवटी चढते ती आजीच, कारण घराला कुलूप घालून, गॅस बंद आहे ना हे बघून तिला निघायचे असते. शहरातले गावाकडे येतात, गावातले पार्काकडे जातात. दिशा वेगळ्या, शेवटचे माणूस तेच. या माणसाबद्दल मला आज लिहायचे आहे.

आपल्याकडे या पार्कांचा काळ तसा जुना नाही. गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले, शेजारचे वॉटर किंगडम १९९८ मध्ये. २०१३ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका आले. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंदही पडले. पण एवढ्या काळात ‘सगळ्या कुटुंबाने मिळून पार्कात जायचे’ ही सुट्टीची रीतच होऊन बसली. जाहिरातीत आजी-आजोबा, आई-बाबा आणि नातवंडे एकाच पाळण्यात बसून हसताना दिसतात. प्रत्यक्षात काय होते, ते मी गेल्या वर्षीच्या मे महिन्यात पाहिले. पाहिले म्हणजे, केले.

पार्कचे नाव महत्त्वाचे नाही. आम्ही अकरा माणसे होतो. पहाटे साडेपाचला गाडी येणार म्हणून मी तीनला उठले. दशम्या, बटाट्याची भाजी, धाकटीसाठी मऊ भात. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही हे दारावर कळले, तेव्हा पार्किंगच्या उन्हात सगळ्यांना वाढून डबे रिकामे केले. आत गेल्यावर उंचीची पट्टी आली. प्रत्येक मोठ्या पाळण्याच्या दारात ती असते. पट्टीपेक्षा बुटक्या मुलांना आत घेत नाहीत. नियम योग्यच आहे, मुलांच्या जिवासाठी आहे. पण पट्टीखाली राहिलेल्या मुलाबरोबर कोणीतरी बाहेर थांबायला हवे. कोणी, हा प्रश्न आमच्या अकरा जणांत कोणी विचारलादेखील नाही. चौदा महिन्यांची धाकटी माझ्या मांडीवर आली, चार वर्षांचा नातू माझ्या बोटाला आला, आणि मागोमाग पिशव्या, चपला, चष्मे, सहा मोबाइल आणि दोन पाकिटे आली. पाण्याच्या भागात तर साडीवर उतरताच येत नाही. भाड्याचा नायलॉनचा पोशाख घालायची माझी तयारी होती. पण ‘तू कुठे आता, आई’ असे सगळे हसत म्हणाले आणि विषय संपला.

साडेदहापासून सहापर्यंत मी बाकावर होते. मध्ये दोनदा धाकटीला झोपवले, तीनदा कपडे बदलले, नातवाला चार वेळा शू करायला नेले. रात्री अकराला घरी आल्यावर ओले कपडे पिळून वाळत घातले. तीन ते अकरा, वीस तास. दुसऱ्या दिवशी मुलाने फोटो दाखवले. सत्तरेक फोटो होते. मी दोनात होते. एकात माझा अर्धा खांदा होता.

मैत्रिणींनो, ही माझ्या मुला-सुनेविरुद्धची तक्रार नाही. दोघे प्रेमळ आहेत, तिकिटाचे पैसे त्यांनीच भरले. म्हणूनच मुद्दा गंभीर आहे. जिथे मारहाण नाही, अपमान नाही, उलट लाडाने सहलीला नेले जाते, तिथेसुद्धा म्हातारी बाई कामालाच नेली जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. तिचेही पूर्ण तिकीट काढलेले असते, म्हणून ती ‘सहलीला गेली होती’ अशी नोंद होते. एरवी मूल सांभाळणाऱ्या बाईला आपण मजुरी देतो. इथे तिचे तिकीट काढून तिच्यावर उपकार केला, असा हिशेब मांडला जातो.

या पार्कांच्या जन्माची एक गोष्ट आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घोड्यांच्या चक्रात बसवून आणत असे. मुली फिरत, आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खात कंटाळून जाई. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा असायला हवी, असे त्याला तिथे वाटले, हे त्याने स्वतःच पुढे सांगितले. १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडले. म्हणजे एक बाप आठवड्यातून एखादा दिवस बाकावर कंटाळला, तर त्याच्या कंटाळ्यातून जगभरचा धंदा उभा राहिला. बाईच्या कंटाळ्यातून काय उभे राहिले? त्या बापाने रिकामा केलेला बाक तेवढा तिच्या वाट्याला आला.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘आजीला नातवंडांची हौसच असते.’ असते ना! दुधावरच्या सायीची हौस कोणाला नसते? पण हौस आणि काम यांत फरक कसा करायचा, याची खूण सोपी आहे. हौस ‘आज नको’ म्हणता येते. माझ्या गटातल्या पंचवीस-तीस बायकांना मी विचारले, ‘आज नातवंडाला सांभाळणार नाही, मला बरे नाही म्हणून नव्हे, मला कंटाळा आलाय म्हणून,’ असे शेवटचे कधी म्हणालात? सगळ्या हसायला लागल्या. एकीने तर पदर तोंडाला लावला. जे नाकारता येत नाही त्याला हौस म्हणायचे, ही आपल्या पुरुषप्रधान व्यवस्थेची जुनी युक्ती आहे. स्वयंपाकाला ‘अन्नपूर्णा’ म्हणून, बाळंतपणांना ‘मातृत्व’ म्हणून तिने हेच केले. आता ‘आजीची माया’ म्हणून म्हातारपणही कामाला जुंपले आहे.

आमच्या किनाऱ्यावर याला आणखी एक बाजू आहे. शाळांची सुट्टी मे महिन्यात, आणि आगोटीची घाईही मे महिन्यात. जूनमध्ये मासेमारीबंदी लागते, पाऊस येतो. त्याआधी जवळा, बोंबील, सुकट वाळवून भरायची, मसाला कुटायचा, लाकूडफाटा आत घ्यायचा. कोळणीच्या वर्षभरातले हे सगळ्यात जड काम, आणि त्यात तिचा स्वतःचा पैसा असतो. नेमके तेव्हाच मुंबईची नातवंडे महिनाभर येतात आणि मध्येच एक दिवस पार्काचा निघतो. बैठकीत एक म्हातारी कोळीण म्हणाली, ‘दिवसभर त्यांच्या चपला राखल्या. त्यापरीस घरी जवळा सुकवला असता, तर चार पैसं तरी गाठीला आलं असतं.’ ती सहलीला गेली नव्हती, तिचा रोज बुडाला होता. पण बुडालेला रोज ही भाषा मच्छीमाराला लागू होते. आजीला लागू होत नाही.

मग आकडे काय सांगतात? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २८९ मिनिटे बिनमोल घरकामात गेलेली दिसतात, पुरुषाची ८८. घरातल्या माणसांच्या सांभाळात बाईची १४० मिनिटे, पुरुषाची ७४. हे वाचून मला आधी बरे वाटले, निदान मोजले तरी! मग नीट पाहिले. सांभाळाचा जो आकडा सरकारने ठळकपणे पुढे ठेवला, तो १५ ते ५९ वयाच्या माणसांचा आहे. साठीच्या पुढची बाई, जी अर्ध्या महाराष्ट्राची पोरे मांडीवर घेऊन बसली आहे, ती त्या ठळक ओळीत नाही. योजनांतही तेच. २०२४ मध्ये जाहीर झालेली लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी. म्हणजे पासष्टीनंतर बहीण राहत नाही, फक्त आजी उरते.

इथे सहलीचा प्रश्न घराच्या बाहेर जातो. बाक एका दिवसाचा नाही, वर्षाचे ३६५ दिवस आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली. चांगलेच झाले. पण आपल्या किती मुली पन्नास माणसांच्या आस्थापनेत आहेत? दुकानात, खाजगी दवाखान्यात, बंगल्यावर, मासळीच्या टोपलीमागे असलेल्या मुलीला हा कायदा ओळखत नाही. अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण ती थोड्या तासांची, आणि तिथली सेविका स्वतःच्या मानधनासाठी वर्षानुवर्षे रस्त्यावर. मालकाने पाळणाघर बांधले नाही, सरकारने चालवले नाही, नवऱ्याने अर्धी रजा घेतली नाही. हा सगळा वाचलेला खर्च एका बाईच्या गुडघ्यांवर ठेवलेला आहे. तिच्या गुडघ्यांना दुखण्याचीही सोय नाही, कारण ते दुखले तर सुनेची नोकरी जाते.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते: हे सुनेविरुद्ध सासू असे भांडण करू नका. पार्कात माझी सून अकरा वर्षांनी पहिल्यांदा ओरडत पाण्यात उतरली. तिचा तो आवाज मला बाकावरून ऐकू आला आणि बरे वाटले. तिचा तेवढा एक दिवस मी हिसकावून घ्यायचा नाही. प्रश्न असा आहे की तिचा दिवस माझ्याच दिवसातून का कापला गेला? त्याच बागेत झाडाखाली आजोबा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. मुलगा एकाच पाळण्यात तिसऱ्यांदा बसत होता. बाकावर बसायला माणसे नव्हती असे नाही. ती पुरुष होती, एवढेच.

आता जरा आपल्याकडे वळू, कारण हे झोंबले पाहिजे. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी लाटणे मोर्चांत, ८ मार्च १९८० ला मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्धच्या निदर्शनांत, नंतरच्या शिबिरांत आणि परिषदांत आपण गेलो, तेव्हा आपली मुले कोणाकडे होती? माझी तर आईकडे होती. तीन दिवसांचे शिबिर असले की ती न बोलता मुलांना ठेवून घेई. ‘घरकामाचे मोल’ यावर मी व्यासपीठावरून बोलत असे, तेव्हा ती माझ्या धाकट्याचे लंगोट धूत असे. तिला मी एकदाही शिबिराला नेले नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात या बायकांची नावे नाहीत. चळवळीच्या पिशव्याही त्यांनीच सांभाळल्या.

जुन्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण एक आठवते. माझी आजी एकवीरेला कार्ल्याला जाई, चौलच्या दत्ताच्या जत्रेला जाई, तेव्हा ती बरोबरीच्या बायकांसोबत जाई. पायऱ्या चढताना दमली की स्वतःच्या मर्जीने बसे, परत येताना स्वतःसाठी बांगड्या घेई. पंढरीच्या वारीत आजही म्हाताऱ्या बाया घर सुनेवर सोडून निघतात. देवाचे नाव घेतल्याशिवाय बाईला सुट्टी मिळत नसे, हे वाईटच. पण ती सुट्टी निदान तिची होती. पार्काने देवाचे निमित्तही काढून घेतले आणि तिला पुन्हा कुटुंबाच्या मागे शेवटी उभे केले.

मग करायचे काय? घरात बोलायचे. सहल ठरते त्याच वेळी बाकाची पाळी ठरवायची. दोन-दोन तास, आणि पहिली पाळी पुरुषांची. आजीला कुठे जायचे आहे हे तिकीट काढण्याआधी विचारायचे. ‘मला यायचेच नाही’ हे उत्तरही धरायचे. आणि तिने घरी राहायचे म्हटले, तर धाकटे मूल तिच्याकडे ठेवून जायचे नाही.

गटांनी म्हाताऱ्या बायकांच्या स्वतःच्या सहली काढायच्या, नातवंडांशिवाय. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्याआधी २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. रेल्वेने मात्र ५८ वर्षांवरच्या बायकांची निम्मी सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली. ती परत मागायची. प्रत्येक शिबिरात पाळणाघर हवे आणि ते कार्यकर्त्यांच्या आयांनी नव्हे, पुरुष सहकाऱ्यांनी चालवावे. आणि सरकारकडे गावोगाव पूर्ण दिवसाच्या पाळणाघरांची मागणी करताना निवेदनावर आयांबरोबर आज्यांच्याही सह्या घ्यायच्या. हा त्यांच्या श्रमाचा प्रश्न आहे.

आइसलंडच्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ ला एक दिवस घरचे-दारचे सगळे काम थांबवले. तेव्हा बापांना पोरे घेऊन कचेऱ्यांत जावे लागले. देश एका दिवसात समजला. आपल्या आज्यांनी मे महिन्यातला एक रविवार बाकावरून उठायचे ठरवले, तर किती पाळणे रिकामे फिरतील, याचा विचार करा.

आमच्या गटाने ठरवले आहे. येत्या मे महिन्यात आगोटीची वाळवणे उरकली की आम्ही साठीपुढच्या चौदा बायका रेवसहून लाँचने मुंबईला जाणार आहोत. कुठे फिरायचे, ते धक्क्यावर उतरल्यावर ठरवू. नातवंडे त्यांच्या बापांकडे असतील. तुमच्या गटात ही चर्चा झाली तर काय निघाले ते जरूर कळवा. विशेषतः ‘आमच्याकडे असे नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी घरचे फोटो काढून त्यात आजी किती दिसते, ते मोजावे आणि मग लिहावे.