रखवालदाराला जन्मठेप, आमदाराला सहा वर्षे

‘पदवी घेतलेली पोरं पारावर बसून आहेत आणि तुम्ही तुरुंगातून आलेल्याला नोकरी द्या म्हणता?’ असे विचारणारा माणूस दुष्ट नसतो. नोकऱ्या मोजक्या आहेत आणि ज्याने कायदा मोडला त्याने रांगेत मागे उभे राहावे, हे त्याचे म्हणणे वरवर न्यायाचे वाटते. त्याला जोडून दुकानदार म्हणतो, गल्ल्याशी जोखीम नको. आणि नातेवाईक, जरा मवाळ सुरात, म्हणतात, घर आहे ना त्याला, बायको आहे ना, ती घेईल सांभाळून.

आधी पहिल्या आक्षेपाचे पाहू. आत जाऊन आला म्हणजे गुन्हा केलाच, हे त्यात गृहीत धरलेले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा होता. यांतला एखादा वर्ष-दोन वर्षांनी निर्दोष सुटला, तरी मधल्या काळात त्याची नोकरी जायची ती जातेच. पारधी वस्तीतल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे वळते ते गावाला ठाऊक असते.

पण समजा, गुन्हा सिद्ध झाला आणि शिक्षाही भोगून झाली. मग रांगेत मागे म्हणजे किती मागे? कमी शिकलेल्या माणसाला शहरात चटकन मिळण्यासारखी कामे कोणती? रिक्षा, सोसायटीची रखवाली, घरपोच माल पोचवणे. रिक्षाचा बॅज काढायचा तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. रखवालीचे तर विचारूच नका. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याचे कलम १० सांगते की न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला सुरक्षारक्षक म्हणून नेमता येणार नाही. कोणता गुन्हा, किती जुना, याची चौकशी नाही, मुदतही नाही. आता लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ८ उघडा. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला पुढारी सुटकेनंतर सहा वर्षे निवडणुकीला अपात्र राहतो आणि सातव्या वर्षी अर्ज भरू शकतो. म्हणजे ज्या माणसाला राज्याचे कायदे करायला आपण परत बोलावू शकतो, त्याला एजन्सीमार्फत आपल्या इमारतीच्या फाटकावर मात्र उभे करता येत नाही! पुढाऱ्याला मिळणारी सवलत काढून घ्या, असे मी म्हणत नाही. ती रखवालदारालाही द्या, एवढेच म्हणणे आहे.

जोखमीच्या मुद्द्यात तथ्य आहे. पैशाच्या अफरातफरीत शिक्षा झालेल्याला कोणी रोखपाल करू नये, आणि मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेच्या आसपासही फिरकू देऊ नये. पण मारामारीत आत गेलेल्या माणसाने सुतारकाम केल्याने कोणाचे काय बिघडते? जोखीम गुन्हा आणि काम यांचा मेळ पाहून ठरते. सरसकट नकार हा नुसता आळस आहे. शिवाय खरे सांगणाऱ्यालाही दिलासा नाही. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उमेदवाराने शिक्षेची माहिती प्रामाणिकपणे दिली, तरी पूर्ववृत्त पाहून नेमणूक नाकारण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला राहतो.

राहिला तिसरा आक्षेप. मला सगळ्यांत जास्त राग याच मवाळ आक्षेपाचा येतो. ‘बायको सांभाळेल’ म्हणणाऱ्यांनी तिने आजवर काय सांभाळले ते पाहिलेले नसते. वकिलाची फी, तारखेचा खाडा, मुलाखतीच्या दिवशी पहाटेची एसटी, गहाण पडलेले डोरले, शाळेत मुलाला ‘बाबा कुठे असतात’ असे विचारले गेल्यावर द्यायचे उत्तर. चार घरची धुणीभांडी करून ती हे निभावते आणि एखाद्या घरी कळले की तेही काम जाते. संजय गांधी निराधार योजनेत शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या पत्नीला दरमहा १,५०० रुपयांचे अनुदान आहे. नवरा कच्चा कैदी असेल तर ते लागू नाही, आणि तो शिक्षा संपवून घरी आला की पात्रताच संपते. घरात खाणारे तोंड वाढते त्याच महिन्यात अनुदान थांबते. वर सल्ला असतोच, ‘सोडून दे त्याला.’ (आत गेलेली बायको असेल तर हा सल्ला नवऱ्याला द्यावाच लागत नाही, तो आपणहून दुसरा संसार मांडतो.) जिला थांबायचे आहे, तिच्या थांबण्याची किंमत तिनेच का भरावी?

शिक्षा झालेल्याला काम आणि त्याच्या कुटुंबाला आधार, हे स्वप्नरंजन नाही, आपल्याकडे घडलेले आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने १९३९ मध्ये खुली वसाहत काढली. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची ही कल्पना. शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतींशिवाय शेती करत, बायकामुलांसह राहत. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ तिथूनच आला. चित्रपटाला आपण टाळ्या वाजवल्या आणि वसाहत विसरलो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून सुटलेल्यांना कामाला लावतो आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना आणली. तुरुंगातल्या कमाईवर, काही तारण न घेता, ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के. कुटुंबाच्या गरजेसाठी. म्हणजे आत असताना या माणसाला पत आहे. बाहेर पडला की नाही. हीच योजना सुटकेनंतरची दोन वर्षे चालू ठेवायला, आणि ते कर्ज बायकोच्या नावेही द्यायला, कोणाची हरकत असावी?

२००५ च्या कायद्यातल्या बंदीला सहा वर्षांची मुदत घाला आणि गंभीर गुन्हे तेवढे वगळा. निराधार अनुदान सुटकेनंतर किमान वर्षभर चालू ठेवा, कच्च्या कैद्याच्या पत्नीलाही द्या. पहिल्या दुरुस्तीसाठी संसद लागेल. दुसरीला शासनाचा एक निर्णय पुरेल, आणि तो याच आर्थिक वर्षात निघू शकतो.