मांडवात मोहाचे लाडू



लग्नाचं आमंत्रण आलं, की तुमचं पहिलं लक्ष कुठं जातं? खरं सांगा बरं! मुहूर्ताकडे नाही, जेवणाकडेच! जिलेबी असेल का बुंदी? मठ्ठा असेल ना? आणि हल्ली तर पनीर, नूडल्स, आइस्क्रीमसुद्धा! पण ही यादी कोण ठरवतं, असा प्रश्न तुम्हांला कधी पडलाय का? आज त्याचीच एक गोष्ट सांगतो.

माझ्या भाचीचं लग्न आरमोरीला होतं. वैनगंगेच्या काठचं हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याची दोन तृतीयांशाहून जास्त जमीन जंगलाखाली आहे. घरात जेवणाची यादी लिहायला सगळे बसले होते. मोठे बाबा सांगत होते, कुणीतरी लिहीत होतं. गुलाबजाम, पनीर, मंचुरियन... तेवढ्यात नवरी मुलगी म्हणाली, "मोठे बाबा, गुलाबजामऐवजी मोहाचे लाडू ठेवू या. उन्हासाठी नाचणीची आंबील, पुलावाऐवजी कुटकीची खिचडी, आणि सगळं पळसाच्या पत्रावळीवर!"

झालं! एकदम शांतता पसरली.

"लोकं काय म्हणतील जी?" मोठे बाबा म्हणाले. "म्हणतील, पैसे संपले वाटतं यांचे! आणि मोह म्हणजे दारू. आपल्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, अन् तू मांडवात मोह आणतेस?"

या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं, ते मीच दिलं. मोहाच्या फुलाची दारू माणूस करतो, झाड नाही! फूल मुळात गोड असतं. वाळलेल्या फुलाच्या वजनात जवळजवळ निम्मी साखरच असते. बियांचं तेल निघतं, तेही आपल्याकडे स्वयंपाकात वापरत आले आहेत. आणि गंमत सांगू? पुण्या-मुंबईच्या लग्नात बासुंदीवर, श्रीखंडावर चारोळी असते ना? ती चार नावाच्या झाडाच्या फळातली बी. हे झाड आपल्या जंगलात वाढतं. चारोळी मांडवात मिरवते, तिला कुणी गरिबाघरची म्हणत नाही. मग मोहानंच काय घोडं मारलंय?

मोठे बाबा हसले. पण खरी अडचण पुढेच होती. कोपऱ्यात बसलेली आजी बोलली.

"पोरी, मी लहान होते तेव्हा घरातलं धान संपलं, की आम्ही मोह उकडून खायचो. हौस म्हणून नाही, दुसरं काही नव्हतं म्हणून. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या लेकरांवर ही पाळी येऊ देणार नाही. आता नातीच्या मांडवात मी तोच मोह वाढू? काहून?"

मित्रांनो, याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चारोळीचा मुद्दा इथं कामाचा नव्हता. एकाच फुलात नातीला आपलं जंगल दिसत होतं आणि आजीला आपली भूक. दोघीही खऱ्या होत्या.

भाचीनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आजीजवळ जाऊन बसली आणि एवढंच विचारलं, "आजी, तुम्ही मोह कसा करायच्या?"

आजी सांगू लागली. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे टपटप गळतात. उजाडायच्या आत टोपली घेऊन निघायचं. अस्वलालाही मोह आवडतो, म्हणून एकटं जायचं नाही. फुलं उन्हात वाळवायची, आतले केसर काढून टाकायचे, मंद आचेवर भाजायची. मग भाजलेले तीळ नाहीतर जवस घालून उखळात कुटायची. साखर नको, गूळ नको. लाडू आपोआप वळला जातो! सांगता सांगता आजीचे हात हवेतच लाडू वळू लागले.

दुपारी आजीनं परवानगी दिली, पण तीन अटींवर. पहिली, भात-वरण पोटभर हवं, पाहुणा अर्धपोटी उठता कामा नये. दुसरी, लाडू ती सांगेल तसेच करायचे. आणि तिसरी, फुलं वेचणाऱ्या बायांकडूनच घ्यायची आणि घासाघीस करायची नाही. "वाकून वाकून कंबर मोडते," ती म्हणाली.

ही तिसरी अट नीट लक्षात घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीत मोह वेचायला गेलेल्या माणसांवर वाघ-अस्वलांचे हल्ले होतात, काहींचे जीवही गेले आहेत. म्हणजे हे फूल फुकटचं नाही. पूर्वी जंगल सरकारचं मानलं जाई. 2006 च्या वनहक्क कायद्यानं तिथं राहणाऱ्यांचा मोह, चारोळी, बांबू यांसारख्या वनोपजावरचा हक्क मान्य केला. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क अगदी सुरुवातीला मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक! तेव्हा असा लाडू खाताना त्यामागचे हात आठवायला हवेत.

भाताबद्दलही एक गोष्ट सांगतोच. मांडवात एचएमटी तांदूळ होता. हे नाव घड्याळाचं, हो ना? चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी राहत. जमीन थोडी, शिक्षण तिसरीपर्यंत. 1983 मध्ये त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड केली आणि बारीक, चवदार तांदळाचं नवं वाण मिळालं. तेव्हा एचएमटीची घड्याळं फार लोकप्रिय होती, तेच नाव तांदळाला पडलं. दादाजी 2018 मध्ये वारले. त्यांचा तांदूळ दूरदूरच्या मांडवांत शिजतो, पण किती जणांना त्यांचं नाव ठाऊक असतं?

रीत बदलणं नवं नाही, हेही मी मोठ्या बाबांना सांगितलं. आपल्या विदर्भातले गाडगेबाबा तरुणपणी डेबूजी म्हणून ओळखले जात. त्यांच्या समाजात मुलाच्या बारशाला दारू आणि मटणाचं जेवण द्यायची रीत होती. त्यासाठी लोक कर्ज काढत. डेबूजींनी मुलीच्या बारशाला ती रीत मोडली आणि गोडाधोडाचं साधं जेवण वाढलं. त्यांनी हे करून शंभराहून जास्त वर्षं झाली!

आता लग्नाच्या दिवशी काय झालं, ते ऐका. मे महिना, आग ओकणारं ऊन. मांडवाच्या दारातच मातीच्या माठांत आंबील ठेवली होती. ताक, जिरं, मीठ घातलेली. बारा वाजायच्या आत माठ रिकामे! मोहाचे लाडू लोकांनी आधी भीत भीत उचलले. एक शहरी पाहुणा हळूच विचारत होता, "चढणार तर नाही ना?" नंतर तोच दुसरा लाडू मागायला आला.

आणि खिचडी? खरं सांगायला हवं. अर्धं पातेलं उरलं! आचाऱ्यानं कुटकीला भाताच्या अंदाजानं पाणी घातलं आणि तिचा लगदा झाला. लहान मुलांनी तर नाकं मुरडली. चूक कुटकीची नव्हती. आधी घरी एकदा थोडीशी करून बघायला हवी होती, एवढंच. नवा पदार्थ शेकडो माणसांवर एकदम अजमावायचा नसतो, हा धडा आम्ही घेतला. जेवणं झाल्यावर पत्रावळ्या खतखड्ड्यात गेल्या. प्लॅस्टिकचा ढीग काही उरला नाही.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी आजीकडे गेलो. ती एकटीच बसून अर्धा लाडू खात होती. मला म्हणाली, "तेव्हा असा गोड नव्हता लागला रे." आणि उरलेला अर्धा तिनं माझ्या हातावर ठेवला.

तर मित्रांनो, या आठवड्यात एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, "तुम्ही लहानपणी खायचा आणि आता आपल्या घरी होत नाही, असा पदार्थ कोणता?" तो का बंद झाला, हेही विचारा. चव आवडत नव्हती म्हणून, की त्याची लाज वाटू लागली म्हणून, की त्याच्यासोबत भुकेची आठवण होती म्हणून? उत्तर येईपर्यंत घाई करू नका. वहीत लिहून काढा. आणि आई-बाबांनो, जमलं तर तो पदार्थ एका रविवारी सगळ्यांनी मिळून करा. आधी थोडासाच हं! पाणी मात्र आजीला विचारूनच घाला.

काय, करणार ना?