तारखेच्या चिठ्ठीवर त्या दिवशीचे काम मराठीत लिहून मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश
तथा अध्यक्ष, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण

विषय : फौजदारी प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे हे फिर्यादी, आरोपी व साक्षीदार यांना समजेल अशा मराठीत लेखी कळविण्याबाबत.

महोदय,

सविनय सादर करतो की, आम्ही खाली सह्या करणारे तालुका न्यायालयाच्या कुंपणालगत टेबल टाकून बसणारे टंकलेखक व अर्जलेखक आहोत. आमच्यातले सर्वांत जुने गृहस्थ रेमिंग्टनवर अर्ज टाइप करीत. आता तीन टेबलांत मिळून एक प्रिंटर आहे. आम्ही वकील नाही, कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार आम्हाला नाही, हे आम्ही जाणतो. पण न्यायालयातून बाहेर पडणारा माणूस चहाच्या टपरीआधी आमच्या टेबलापाशी थांबतो आणि हातातला कागद पुढे करून विचारतो, "यात काय लिहिलंय?" या प्रश्नाचे उत्तर देणे आमचे काम नाही आणि ज्यांचे आहे त्यांना वेळ नाही, म्हणून हे निवेदन.

एका इसमाचे सांगतो. शेजाऱ्याने बांधावरून शिवीगाळ व दमदाटी केली म्हणून तो पोलीस ठाण्यात गेला. तेथे त्याला एक पावती मिळाली. ती त्याने लॅमिनेट करून घेतली आणि दोन वर्षे कपाटात ठेवली. एके दिवशी आमच्याकडे येऊन म्हणाला, "केस बोर्डावर कधी येते ते बघा." ती पावती एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची होती. अशा नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, आणि तो आदेश मिळविण्यासाठी फिर्यादीला स्वतः न्यायालयात जावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये फिर्यादीला तसे सांगून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे, असे स्पष्ट आहे. त्याला कोणी सांगितले असेल किंवा नसेल, पावतीवर मात्र ते नव्हते. दोन वर्षे तो माणूस आपला खटला चालू आहे या समजुतीत गावात ताठ मानेने वावरत होता. खरे सांगताना आम्हालाच जड गेले.

दखलपात्र गुन्ह्याची गोष्ट निराळी. तेथे प्रथम खबर नोंदवावीच लागते. २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते निःसंदिग्ध सांगितले. नव्या संहितेत तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा ठेवली आहे, तेवढाच अपवाद. हद्द कोणत्याही ठाण्याची असो, खबर घ्यायची. प्रत विनामूल्य द्यायची. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचे आणि तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. हा क्रम आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतो. त्यांना वाटते, ठाणे अंमलदार "नाही" म्हणाले म्हणजे संपले.

आणि खबर नोंदली जाते तेव्हा तिच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते : जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. आम्ही लोकांना विचारतो, वाचून दाखवला होता का? निम्मे जण गप्प बसतात. पुढे न्यायालयात उलटतपास होतो तेव्हा बचावाचे वकील त्याच जबाबावर बोट ठेवून विचारतात, "ही गोष्ट तुम्ही फिर्यादीत का सांगितली नाही?" सांगितलेली असते. लिहिलेली नसते. सही करण्यापूर्वी जबाब स्वतः वाचा किंवा सोबतच्या माणसाकडून वाचून घ्या, एवढी सूचना ठाण्यातल्या टेबलावर मोठ्या अक्षरांत असावी.

मा. महोदय, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. १८६० ची दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता व १८७२ चा पुरावा कायदा गेला. तीनशे दोन म्हणजे खून हे शाळा न शिकलेल्यालाही ठाऊक होते. आता खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. फसवणूक ३१८ मध्ये गेली, "चारसोबीस" ही शिवी मात्र गावोगाव आहे तशीच राहिली. शिवाय त्या तारखेपूर्वी घडलेले गुन्हे जुन्याच दंड संहितेखाली चालणार, त्यामुळे एकाच दालनात एकाच दिवशी दोन्ही आकडे कानावर पडतात. जाणकारांचाही गोंधळ होतो, तेथे पक्षकारांचे काय सांगावे.

अटकेविषयी फार लिहीत नाही, कारण त्याबाबत कायदा पुरेसा बोलका आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे, नातेवाइकाला कळविणे, वकिलाला भेटू देणे हे सर्व संहितेत आहे. १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून तर सर्वांच्या तोंडी आहे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत, लेखी द्यावीत असे सांगितले. आमची विनंती अशी की, तो कागद नातेवाइकाच्याही हाती पडावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटकेतील व्यक्तींची नावे व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावायचे आहे. ते दरवाजाबाहेरून वाचता येईल असे लावावे. रात्री नवऱ्याला शोधत आलेली बाई आत जायला धजत नाही.

अटकेनंतर "पीसीआर" आणि "एमसीआर" हे दोन शब्द घरच्यांच्या कानावर पडतात. पहिला म्हणजे पोलीस कोठडी, दुसरा न्यायालयीन कोठडी, एवढे समजायलाच आठवडा जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट तर कळतच नाही : साठ दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी न मागितलेला हक्क बासष्टाव्या दिवशी दोषारोपपत्र दाखल होताच संपतो. ज्याच्याकडे वकील आहे तो दिवस मोजतो. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी आपल्या प्राधिकरणाने मोजावेत. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पहिल्या रिमांडच्या वेळीच त्या वकिलाचे नाव आणि साठावा वा नव्वदावा दिवस कोणत्या तारखेला येतो हे लिहिलेला कागद घरच्यांना द्यावा.

आता समरीविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान आम्ही येथे पाहिले आहे. तपास संपल्यावर खटला भरण्याजोगे काही नाही असे वाटले, तर आपल्या राज्यात पोलीस समरी अहवाल पाठवतात. "अ" म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही. "ब" म्हणजे फिर्याद खोटी, द्वेषाने केलेली. "क" म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली. समरी मंजूर करण्यापूर्वी फिर्यादीचे ऐकून घ्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे, आणि त्याप्रमाणे नोटीस निघतेही. नोटिशीत लिहिलेले असते : "ब समरी मंजुरीकामी म्हणणे सादर करावे." गेल्या पावसाळ्यात एक विधवा शिक्षिका ही नोटीस घेऊन आल्या. त्यांचा समज असा की, मंजुरी म्हणजे आपली केस मंजूर होते आहे. पेढे आणायचे तेवढे बाकी होते. पोलिसांनी आपली फिर्याद खोटी ठरवली आहे आणि आज हरकत घेतली नाही तर प्रकरण बंद होईल, हे त्यांना कुंपणालगतच्या टंकलेखकाकडून कळावे? बी.ए., बी.एड. झालेल्या बाईची ही स्थिती. म्हणून आमची मागणी आहे की, समरीच्या प्रत्येक नोटिशीच्या डोक्यावर दोन ओळी छापाव्यात : पोलिसांचे म्हणणे काय आहे, आणि आपल्याला ते मान्य नसेल तर काय करता येईल.

मुख्य मागणी तारखेच्या चिठ्ठीची आहे. खटला उभा राहिला की माणसाच्या आयुष्यात "तारीख" येते. "काय झालं?" "तारीख मिळाली." यापलीकडे संवाद जात नाही. चिठ्ठीवर बॉलपेनने एक आकडा असतो, बस्स. वास्तविक प्रत्येक तारखेला ठरावीक काम असते. एके दिवशी आरोपीला दोषारोपपत्राच्या नकला मिळतात. गुन्हा फक्त सत्र न्यायालयातच चालणारा असेल तर दंडाधिकारी प्रकरण तेथे वर्ग करतात. मग दोषारोप ठेवला जातो आणि आरोपीला विचारतात, गुन्हा कबूल आहे का. त्यानंतर साक्षीदारांचा सरतपास, उलटतपास. मग पुराव्यात आलेल्या प्रत्येक गोष्टीवर आरोपीचे स्वतःचे म्हणणे. मग युक्तिवाद, आणि तो संपल्यापासून तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल, अशी नव्या संहितेची अपेक्षा. हे सगळे न्यायालयाला ठाऊक असते, रोजनाम्यात लिहिलेले असते. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर क्रमांक टाकला की पुढच्या तारखेसमोर कामाचा हेतूही दिसतो, बहुधा इंग्रजीत. ठाऊक नसते ते फक्त ज्याचे प्रकरण आहे त्याला.

परिणाम असा की, दोषारोपाच्या दिवशी सहा साक्षीदार मजुरी बुडवून जीपने येतात, ज्यांची त्या दिवशी गरज नसते. आणि सरतपासाच्या दिवशी फिर्यादी येत नाही, कारण गेल्या सात खेपा पुकारा झाला, नाव नोंदले आणि परत पाठवले. आठव्यांदा त्याच्यावर वॉरंट निघते. जामिनावरच्या आरोपींचे वेगळेच. आमच्या टेबलावर सर्वाधिक टाइप होणारा अर्ज हजेरी माफीचा, त्याखालोखाल वॉरंट रद्द करण्याचा. वकील गेले म्हणजे आपण गेलो, असे मानून घरी बसलेल्यांचा हा दुसरा अर्ज. पहिला वेळेत झाला असता तर दुसऱ्याची गरजच नव्हती. आमची रोजी त्यावर आहे, तरीही सांगतो.

जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली आहे. तेव्हा चिठ्ठीवर तारखेखाली चार-पाच शब्द मराठीत लिहिण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. छापील चिठ्ठीवर कामांची यादी असेल तर लिपिकाला फक्त खूण करावी लागेल. लिपिकांवर आधीच बोजा आहे हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. म्हणून ही खूण पैरवी अंमलदाराने किंवा विधी स्वयंसेवकाने केली तरी चालेल.

जामिनाबाबत एकच. देशातील कारागृहांत ३१ डिसेंबर २०२२ रोजी ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा निकाल लागायचा होता. यांतले काही जण जामीन मंजूर होऊनही आत असतात, कारण ऐपतदार जामीनदार मिळत नाही, तहसीलचा ऐपत दाखला मिळत नाही. एका आईला मुलाचा जामीन मंजूर झाल्याचे पाच आठवड्यांनी कळले, तेही दुसऱ्याच कामासाठी आमच्याकडे आल्यावर. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा स्वतःहून विचार करावा. आपल्या जिल्ह्यात अशी नावे दर आठवड्याला येतात काय, आणि आल्यावर स्वयंसेवक त्या घरी जातो काय, हे आपण तपासावे. तसेच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेच्या निम्मा, आणि पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्याने एक तृतीयांश काळ काढला असेल, तर अधीक्षकांनी न्यायालयाकडे अर्ज करायचा आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे असलेले बंदी यातून वगळले आहेत. जुन्या प्रकरणांतल्या बंद्यांनाही ही तरतूद लागू असल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट झाले आहे. आपल्याच अध्यक्षतेखालील न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीच्या पुढील बैठकीत ही यादी मागवावी.

न्यायालयाच्या आवारात कामाच्या दिवशी सकाळी साडेदहा ते दोन एक विधी स्वयंसेवक बसावा, अशीही विनंती आहे. जागेचा प्रश्न असेल तर आमच्यातील एक टेबल व दोन खुर्च्या आम्ही देऊ. १५१०० हा मोफत मदतीचा क्रमांक आम्ही आमच्या छत्रीवर रंगवून घेतला आहे.

चर्चेसाठी आपल्या सवडीने वेळ द्यावी. चिठ्ठीचा नमुना सोबत जोडला आहे. सोपा करण्यासाठी त्यात हवे ते बदल करावेत.

आपले विश्वासू,
न्यायालय आवारातील टंकलेखक व अर्जलेखक
(सह्यांचे पान वेगळे जोडले आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर :
मा. पोलीस अधीक्षक, मा. अधीक्षक, जिल्हा कारागृह

सोबत : चिठ्ठीचा नमुना

खटला क्रमांक व सीएनआर : ........
पुढची तारीख व दालन : ........
त्या दिवशीचे काम (खूण करा) : नकला देणे / दोषारोप / साक्ष / आरोपीचे म्हणणे / युक्तिवाद / निकाल
कोणी यायचे : फिर्यादी / आरोपी / साक्षीदार, नाव ........
न आल्यास : वॉरंट निघू शकते. अडचण असल्यास आधी अर्ज द्या.
साक्षीदाराने प्रवासखर्च व भत्त्यासाठी लिपिकास विचारावे.