दुकानांतील बाहुल्या आणि आपली मर्यादा

सोलापूर हें वस्त्रांचें नगर आहे. येथील चादर देशभर ओळखली जाते, येथील टॉवेल परदेशांत जातात आणि शाळांचे गणवेश शिवण्याचा उद्योगहि येथें भरभराटीस आला आहे. तेव्हां वस्त्र आणि मर्यादा यांचा संबंध काय, ह्याचा विचार ह्या नगरांतील मुलांमुलींनीं अवश्य करावा, असें आम्हांस वाटतें.

कापडबाजारांतून जातांना दुकानांच्या दर्शनी भागीं अंतर्वस्त्रें घातलेल्या बाहुल्या व तशींच मोठालीं चित्रें दिसतात. मुलांस बरोबर घेऊन जाणाऱ्या पालकांस संकोच होतो, आणि 'हें सारें बंद करा' अशी मागणी निघते. मुंबईंत तर ही मागणी महापालिकेच्या सभागृहापर्यंत पोहोंचली. 2013 च्या मे महिन्यांत घाटकोपरच्या तत्कालीन नगरसेविका रितू तावडे यांनीं मांडलेला, अशा बाहुल्यांवर बंदी घालण्याचा ठराव तेथें संमत झाला. बाहुल्यांमुळें पुरुषांचीं मनें दूषित होऊन स्त्रियांवरील अत्याचारांस उत्तेजन मिळतें, असें त्यांचें म्हणणें होतें. डिसेंबर 2012 मध्यें दिल्लींत घडलेल्या अमानुष प्रकारानें सारा देश हळहळला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या मागणीमागील कळकळ समजते. तथापि ठरावानें बाहुल्या हटल्या नाहींत. 2019 मध्यें तोच प्रश्न महापालिकेंत पुन्हां निघाला.

कळकळ खरी असली तरी निदान बरोबर होतें काय? आमच्या मतें नव्हतें. अत्याचार करणारा बाहुलीमुळें अत्याचार करतो असें म्हटलें कीं, त्याचा अर्धा दोष आपण प्लास्टिकच्या पुतळ्यावर घालतों. आणि उद्यां तोच दोष मुलीच्या पोशाखावर घालण्यास वाट मोकळी होते. डोंगरावरील प्रवचनांत प्रभु येशूनें दोष पाहणाऱ्याच्या अंतःकरणांत दाखविला आहे, पाहिल्या जाणाऱ्या स्त्रीच्या ठायीं नव्हे.

मर्यादेचे नियम कोण करतो, हेंहि पाहिलें पाहिजे. त्रावणकोर संस्थानांत नाडार स्त्रियांस उच्चवर्णीयांसमोर छाती झांकण्याची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या नाडार स्त्रियांनीं ती झुगारली, मारहाण सोसली, आणि अखेर 1859 मध्यें महाराजांच्या जाहीरनाम्यानें त्यांस अंग झांकण्याची मोकळीक मिळाली. तेथें अंग झांकणें हाच अपराध ठरला होता! खरी मर्यादा दुसऱ्याच्या हुकुमानें येत नाहीं. ती ज्याच्या त्याच्या प्रतिष्ठेची गोष्ट आहे.

मग पालकांची तक्रार पोकळ आहे काय? मुळींच नाहीं. स्त्रियांच्या असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा 1986 चा कायदा स्त्रीची मानहानि करणाऱ्या जाहिरातीस मनाई करतो. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद व 2000 रुपयांपर्यंत दंड आहे. उलटपक्षीं, केवळ उघडें अंग दिसतें म्हणून चित्र अश्लील ठरत नाहीं, सर्वसाधारण मनुष्याच्या व चालू काळाच्या दृष्टीनें तें पाहावें, असें सर्वोच्च न्यायालयानें 2014 मध्यें सांगितलें. ह्या दोहोंवरून एक साधी कसोटी निघते. स्त्रियांचीं अंतर्वस्त्रें विकणाऱ्यानें आपला माल दाखविला, तर तो माल स्त्रियांच्या नित्य गरजेचाच असतो. त्यांत लाज कसली? परंतु रंगाचा डबा किंवा मोटारीचें टायर खपविण्यासाठीं जेथें अर्धवस्त्र स्त्री उभी केली जाते, तेथें स्त्रीचाच माल केला जातो. तक्रार करावी ती तेथें.

लाजेच्या अतिरेकानें तर मुलींचेंच नुकसान होतें. आवश्यक वस्त्र मागतांना मुलगी पुटपुटते, दुकानदार तें चोरीच्या मालाप्रमाणें कागदांत गुंडाळून देतो, आणि आपलें शरीर ही कांहीं अपराधाची वस्तु आहे असा धडा घेऊन ती घरीं येते.

पालकांस आमची विनंती अशी कीं, दुकानदाराशीं सभ्यपणें बोलावें. रस्त्यावर टांगलेला माल आंत मांडावा, विक्रीस स्त्री नेमावी, एवढें सांगितलें तर नित्याच्या गिऱ्हाइकाचें न ऐकणारा दुकानदार विरळा. आणि मुलांनो, बाहुली दिसतांच एकमेकांस कोपरानें ढोंसून हसूं नका. शेजारून जाणाऱ्या तुमच्या वर्गभगिनीस तें हसणें त्या बाहुलीपेक्षां अधिक बोंचतें. बाहुलीस काय नेसवावें हें दुकानदार ठरवील. आपली दृष्टि कशी असावी हें मात्र तुम्हांसच ठरवावयाचें आहे.